दातांची ढाल



१५ ऑगस्ट १९३६ चा दिवस. बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचा अखेरचा सामना चालला होता. एका बाजूला यजमान जर्मनी, दुसऱ्या बाजूला ध्यानचंद यांचा हिंदुस्थानचा संघ. खेळ रंगात आला असता ध्यानचंद यांची आणि जर्मन गोलरक्षकाची टक्कर झाली आणि ध्यानचंद यांचा एक दात पडला. तात्पुरता इलाज करून घेऊन ते परत मैदानात आले, आणि आपल्या संघाने तो सामना आठ विरुद्ध एक अशा फरकाने जिंकला. ही हकीकत आपल्या शाळांतून मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच. पण ती ऐकून एखाद्या मुलाला असे वाटायला नको की, दात पडल्याशिवाय हॉकीपटू होता येत नाही! ध्यानचंद यांच्या काळी हॉकीच्या खेळाडूला दात राखण्याचे साधन सहज मिळत नव्हते. आज ते मिळते. तळहातावर मावेल एवढे ते साधन आहे. खेळाडू त्याला माउथगार्ड म्हणतात. आपण त्याला दातांची ढाल म्हणू.

तुम्ही म्हणाल, ही कुठली शहरी चैन काढलीत? आमच्या पोरांना धड स्टिक मिळत नाही, पायांत बूट नाहीत, आणि तुम्ही तोंडात घालायच्या ढालीचे सांगता! म्हणणे रास्त आहे. म्हणूनच ही ढाल कोणती घ्यावी, कमी पैशांत चांगली कशी निवडावी, आणि कोणती ढाल घेऊन उपयोग नाही, हे नीट समजून घेऊ.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख मुळात तालमीचा. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. कुस्तीत कान फुगतो, मोडतो, आणि मोडका कान हा पैलवानाचा दागिना मानण्याची आपल्याकडे रीत आहे. मोडक्या कानाने जेवायचे अडत नाही, बोलायचे अडत नाही. दाताचे मात्र तसे नाही. पुढचा दात गेला म्हणजे भाकरीचा तुकडा तोडता येत नाही, 'त' आणि 'द' नीट उमटत नाहीत, मूल हसताना तोंडावर हात धरू लागते. वर्गात वाचायला उभे केले तर मान खाली घालते. दात एकच जातो, पण मुलाचा धीर त्याच्याबरोबर जातो.

या मुलखात आता हॉकीही रुजली आहे. फलटण तालुक्यातील आसू गावच्या वैष्णवी फाळके भारताच्या महिला संघातून खेळल्या. त्याच तालुक्यातील वाखरीच्या अक्षता ढेकळे २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ज्युनियर विश्वचषकात देशासाठी उतरल्या. शेतकऱ्यांच्या घरच्या मुली हातात स्टिक घेऊन इतक्या लांब गेलेल्या पाहून वाडीवस्तीवरच्या मुलींनाही हुरूप येतो. शालेय स्पर्धा जवळ आल्या की जिल्ह्याजिल्ह्यांतून संघ तयार होतात. हुरूप वाढला, खेळ वाढला, तशी मार लागण्याची शक्यताही वाढली. ती कमी करणे हे मोठ्यांचे काम आहे.

चेंडूचा मार केवढा?

हॉकीचा चेंडू हातात घेऊन पाहा. वजन १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम कांद्याएवढे. पण तो असतो दगडासारखा टणक. कसलेला खेळाडू तो ताशी १०० किलोमीटर वेगाने मारू शकतो. या वेगाने येणाऱ्या चेंडूत किती जोर असतो, ते विज्ञानाच्या शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवावे. हिशेब असा निघतो की, दुकानातले पाच किलोचे लोखंडी वजन सव्वा मीटर उंचीवरून खाली सोडले तर ते जेवढ्या जोराने आदळेल, साधारण तेवढा जोर त्या चेंडूत असतो. आता ते वजन कोणाच्या ओठावर पडले तर काय होईल, हे सांगायला नको.

शाळेतली मुले एवढ्या जोराने मारत नाहीत, हे खरे. वेग निम्मा असला तर जोर निम्मा नव्हे, चौथाईवर येतो. पण चौथाई म्हणजे तेच पाच किलोचे वजन तीस सेंटिमीटरवरून पडल्यासारखे झाले. पोराचा दात पाडायला तेवढे भरपूर होते. शिवाय मार केवळ चेंडूचाच नसतो. स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपर्यंत असू शकते. मागून येणाऱ्याने स्टिक उचलली, कोणाचे कोपर लागले, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, तरी इजा होते ती तोंडालाच.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. तिथे चेंडू फार वेगाने येतो, पण सरळ येतो. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या शाळांची मैदाने मुरमाची. एखाद्या खड्याला लागून जमिनीलगत येणारा चेंडू एकाएकी उसळतो आणि वाकून उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडावर येतो. तेव्हा 'आमचे मैदान साधे आहे, आम्हाला ढालीची गरज नाही' असे म्हणू नये. साध्या मैदानावर ढालीची गरज अधिकच असते.

ढाल काय करते आणि काय करत नाही?

तासगावकडची द्राक्षे पेटीत भरताना तुम्ही पाहिली असतील. पेटीच्या तळाला मऊ थर घालतात आणि मग घड ठेवतात. गाडी खड्ड्यातून गेली तर हिसका बसायचा तो बसतोच, पण तो मऊ थरात जिरतो, एका मण्यावर न येता सगळ्या घडावर पसरतो. दातांची ढाल नेमके हेच करते. चेंडूचा मार एका दातावर न बसता ढालीमुळे पाच-सहा दातांवर वाटला जातो, आणि मऊ पदार्थ दबता दबता त्याचा हिसका कमी करतो. शिवाय ओठ आणि दात यांच्यामध्ये ढाल असल्यामुळे आपलाच दात आपल्या ओठात घुसत नाही. वरचा जबडा खालच्यावर आपटून दाढांचे टवके उडतात, तेही पुष्कळ अंशी टळते.

ही कल्पना नवी नाही. सुमारे १८९० च्या सुमारास लंडनमधील वुल्फ क्राऊस नावाच्या दंतवैद्याने मुष्टियोद्ध्यांच्या दातांवर गट्टापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाच्या पट्ट्या बसवायला सुरुवात केली. आजच्या बहुतेक ढाली इव्हीए नावाच्या पदार्थाच्या असतात. आपल्या मऊ चपलांच्या तळव्यात याच जातीचा पदार्थ फुगवून वापरलेला असतो. निरनिराळ्या खेळांतील पाहण्या एकत्र करून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला आहे की, ढाल न घालणाऱ्याला तोंडाची इजा होण्याचा धोका घालणाऱ्याच्या १.६ ते १.९ पट असतो. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांत मैदानातील खेळाडूंनी नडगी, घोटा आणि तोंड यांचे संरक्षण करावे अशी शिफारस आहे. शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणूनच ती जबाबदारी घरच्या माणसांवर आणि शिक्षकांवर येऊन पडते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही ढाल दातांची आहे, मेंदूची नव्हे. काही पाकिटांवर मोठमोठी आश्वासने छापलेली असतात. डोक्याला बसलेल्या धक्क्यापासून ही ढाल वाचवते, असे खात्रीने म्हणता येत नाही. डोक्याला मार बसला, मूल गांगरले, ओकारी आली, तर तोंडात ढाल असो वा नसो, त्याला मैदानाबाहेर बसवावे, डॉक्टरांना दाखवावे आणि त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. तसेच पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलापाशी उभे राहणारे खेळाडू तोंडावर जाळी बांधतात. ती जाळी वेगळी, ही ढाल वेगळी. एकीने दुसरीचे काम भागत नाही.

ढालींचे तीन प्रकार

बाजारात गेलात तर तीन प्रकारच्या ढाली दिसतील.

पहिली तयार ढाल. घोड्याच्या नालेच्या आकाराची, पाकिटातून काढली की तोंडात घातली. सर्वांत स्वस्त. पण सगळ्यांच्या पायांना एकाच मापाची वहाण दिली तर काय होईल? कोणाला ती सैल, कोणाला घट्ट. ही ढाल दातांना धरून राहत नाही. ती जागेवर ठेवायला खेळाडूला सतत दात आवळून धरावे लागतात. धावताना दम लागला, तोंड उघडले, की ती खाली पडते. क्वचित घशाकडेही सरकते. अशी ढाल घेऊ नये. स्वस्त म्हणून दहा मुलांना दहा आणल्या आणि आठवड्याने दहाही दप्तरात पडून राहिल्या, तर स्वस्ताई कसली?

दुसरी ढाल गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायची. काही शे रुपयांत मिळते. शाळेतल्या बहुतेक मुलांना ही पुरते. पण ती चांगली ठरते की वाईट, हे दुकानात ठरत नाही, घरी ती बसवताना ठरते. त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरी ढाल दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेली. दंतवैद्य वरच्या दातांचे माप घेतात, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करतात आणि त्या साच्यावर गरम केलेला पत्रा दाबून ढाल बनवतात. शिंप्याने अंगावर माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखी ती बसते. बोलताना, श्वास घेताना अडचण होत नाही. हीच सर्वांत चांगली, आणि अर्थातच सर्वांत महाग. जो मुलगा किंवा जी मुलगी जिल्ह्याच्या वर खेळते, रोज सराव करते, तिच्यासाठी हा खर्च करावा. सांगलीला आणि कऱ्हाडला दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत. तेथील रुग्णालयात जाऊन चौकशी करावी. शाळेने पाच-सहा खेळाडूंसाठी एकदम विचारले तर गोष्ट सोपी होते.

मापाची ढाल करून घेताना एक प्रश्न जरूर विचारा : 'डॉक्टर, तयार झाल्यावर पुढच्या दातांपुढे जाडी किती राहील?' पत्रा गरम करून साच्यावर ताणला की तो पातळ होतो. पुढच्या बाजूला सुमारे तीन मिलिमीटर जाडी राहिली पाहिजे. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली म्हणजे होते, तितपत. कागदासारखी पातळ ढाल तोंडाला बरी वाटते, पण मार खात नाही. आणि फार जाड असली तर ओठ मिटत नाहीत, मूल ती काढून टाकते. दोन्हींचा मध्य साधावा.

ढाल पारखावी कशी?

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो. ढाल घेताना पुढच्या पाच गोष्टी पाहाव्या.

पहिली, पकड. ढाल वरच्या दातांवर बसवून मुलाला 'आ' करायला सांगा. हात न लावता ती वरच राहिली पाहिजे. जिभेने ढकलली तरी सहज निघता कामा नये.

दुसरी, बोलणे. मुलाला आपले नाव, शाळेचे नाव, गावाचे नाव मोठ्याने सांगू द्या. थोडे बोबडे चालेल, पण समजले पाहिजे. मैदानात एकमेकांना हाका मारता आल्या नाहीत, तर कोणीही ढाल घालणार नाही.

तिसरी, श्वास. ढाल घालून मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावा. दम कोंडला, ओकारी आल्यासारखे झाले, तर ढाल मागे फार लांब गेली आहे किंवा फार जाड आहे.

चौथी, लांबी. ढालीने निदान पहिली मोठी दाढ झाकली पाहिजे. ओकारी येते म्हणून मुले कात्रीने मागचा भाग छाटत जातात आणि शेवटी पुढच्या चार दातांपुरता तुकडा उरतो. तो तुकडा निसटून घशात जाण्याचे भय असते.

पाचवी, कड. बोट फिरवून पाहा. कड गुळगुळीत हवी. हिरडीला टोचत असेल तर दुसऱ्या दिवशी फोड येतो आणि तिसऱ्या दिवशी ढाल घरी राहते.

रंग कोणता घ्यावा? लाल, पिवळा, असा भडक घ्यावा. खेळणाऱ्याच्या तोंडात ढाल आहे की नाही, हे गुरुजींना लांबूनच कळते. शिवाय मैदानात पडली तर लगेच सापडते.

घरी बसवताना

आता गरम पाण्याच्या ढालीची गोष्ट. पाकिटावरची सूचना आधी वाचा, कारण प्रत्येक कारखान्याची रीत थोडी वेगळी असते. सर्वसाधारण पद्धत अशी. पातेल्यात पाणी उकळून खाली उतरवावे. ढाल चमच्याने पाण्यात सोडावी आणि पाकिटावर जेवढे सेकंद लिहिले असतील तेवढेच ठेवावी, जास्त नाही. जास्त वेळ राहिली की तिचा लगदा होतो. बाहेर काढून क्षणभर गार पाण्यात बुडवावी, नाही तर तोंड पोळते. हे काम मोठ्या माणसानेच करावे, मुलावर सोपवू नये.

मग मुलाला आरशासमोर बसवून ढाल वरच्या दातांवर ठेवावी. ढालीचा मध्य नाकाच्या रेषेत आला पाहिजे. आता हलकेच दात मिटायला सांगावे. इथेच बहुतेकांची चूक होते, बरं का. मुले ऊस सोलताना चावावे तशी जोराने चावतात. त्यामुळे दाढांखालची जाडी निघून जाते आणि आरपार भोके पडतात. हलकेच मिटायचे, ओठ बंद करून आतली हवा चोखून घ्यायची, बाहेरून ओठांवर आणि गालांवर बोटांनी दाबायचे, आतून जिभेने टाळूकडे दाबायचे. अर्धा-एक मिनिट झाले की काढून गार पाण्यात टाकावी. नंतर वर सांगितलेल्या पाच परीक्षा घ्याव्या. बसली नाही तर पुन्हा गरम करून बसवता येते, पण पाकिटावर तशी परवानगी आहे की नाही ते पाहावे.

सहा ते बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांचे दुधाचे दात पडत असतात आणि नवे येत असतात. या वयात बसवलेली ढाल काही महिन्यांत बसेनाशी होते. म्हणून या मुलांना फार महागडी ढाल करून देण्याऐवजी गरम पाण्याची घ्यावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासावी. एखादा दुधाचा दात हलत असेल तर तो पडेपर्यंत थांबावे. दातांना तारा लावलेल्या असतील तर मात्र घरी प्रयोग करू नये. तारा लावणाऱ्या दंतवैद्यांनाच विचारावे. तसेच ज्याचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे येतो, त्याला कोणती ढाल हवी हेही दंतवैद्यच सांगतील.

खेळून झाले की ढाल गार पाण्याने धुवावी, ब्रशने हलके घासावी आणि भोके असलेल्या डबीत ठेवावी. ओल्या रुमालात गुंडाळून दप्तरात कोंबू नये, तिला वास येतो आणि जंतू वाढतात. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर तिचा आकार बिघडतो. एकाची ढाल दुसऱ्याने घालू नये, सख्ख्या भावानेही नाही. चावून चावून फाटली, पातळ झाली, सैल झाली, की नवी घ्यावी.

दात पडलाच तर

ढाल घालूनही कधी दात पडेल, आणि ढाल नसताना तर पडेलच. म्हणून हा भाग प्रत्येक शिक्षकाने पाठ करून ठेवावा. यात मिनिटांना किंमत आहे.

आधी मुलाकडे पाहा. शुद्ध हरपली असेल, ओकारी होत असेल, जबडा मिटत नसेल, तर दात बाजूला ठेवून मुलाला प्रथम दवाखान्यात न्या. मूल शुद्धीवर आणि ठीक असेल, तर पडलेला दात शोधा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नसतो. कायमचा दात असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका. मुळावर अतिशय नाजूक पेशी असतात आणि त्या जिवंत राहिल्या तरच दात पुन्हा धरतो. माती लागली असेल तर दुधाने किंवा गार पाण्याने काही क्षण धुवा. घासू नका, पुसू नका, साबण लावू नका.

धीर असेल तर दात सरळ करून त्याच खोबणीत हलकेच बसवा आणि स्वच्छ रुमालाची घडी मुलाला दातांखाली धरायला सांगा. ते जमण्यासारखे नसेल तर दात दुधात टाका. साखर न घातलेले गार दूध. आपल्या वाडीवर दंतवैद्य नसेल, पण दूध नाही असे गाव आपल्याकडे सापडायचे नाही. दूध मिळेपर्यंत मुलाला वाटीत थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवला तरी चालतो. नुसत्या पाण्यात ठेवू नका, आणि कोरड्या कागदात किंवा रुमालात तर मुळीच नको. कोरडा दात तासाभरात कामातून जातो. शक्यतो अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. उशीर झाला तरी दात टाकून देऊ नये, दुधासकट घेऊन जावे.

आपल्या भागात हळद पिकते, म्हणून जखम झाली की हळद भरायची सवय आहे. दाताच्या खोबणीत हळद, तंबाखू, मशेरी, चुना काहीही भरू नये. दाताचा नुसता तुकडा पडला असेल तर तोही दुधात घालून न्यावा, तो पुष्कळदा चिकटवता येतो. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, ते डॉक्टरांना विचारावे. दात सापडलाच नाही, तर तेही सांगावे, कारण तो गिळला गेला किंवा श्वासनळीत गेला असण्याचा संभव असतो.

हे सारे इतके बारकाईने सांगण्याचे कारण आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात कायमचा गेला, तर हाडात पेच बसवून पक्का दात लगेच लावता येत नाही. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे अठरा वर्षे किंवा त्याहूनही पुढे, थांबावे लागते. मधली सारी वर्षे काढता-घालता येणारा दात लावून काढावी लागतात. ती वर्षे असतात शिकायची, चारचौघांत बोलायला शिकायची, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची. आणि मुलगी असेल तर एवढ्या एका कारणावरून घरचे तिची स्टिक कायमची माळ्यावर टाकतात. खेळातली एक चांगली मुलगी अशी हातची जाते. ढालीचे काही शे रुपये खर्च करताना एवढे डोळ्यांपुढे आणावे.

शाळांनी काय करावे?

गुरुजी आणि बाई, तुमच्याकडून थोडी अपेक्षा आहे. ध्यानचंद यांचा जन्मदिवस २९ ऑगस्ट. तो देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी प्रभातफेरी काढा, भाषणे करा, पण तासभर वेळ ढालीसाठीही ठेवा. गावातल्या किंवा तालुक्याच्या दंतवैद्यांना शाळेत बोलवा. एक पातेले, एक स्टोव्ह, एक आरसा, एवढे साहित्य पुरते. दंतवैद्यांच्या देखरेखीखाली संघातल्या सगळ्या मुलांच्या ढाली एका दुपारी बसवून होतील. पालकांनाही बोलवा, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले ते त्यांना दिसेल. दूध कुठून चटकन मिळेल, जवळचा दंतवैद्य कोण, त्यांचा दूरध्वनी क्रमांक काय, हे एका कागदावर लिहून खेळाच्या साहित्याच्या पेटीला आतून चिकटवून ठेवा.

आणि सरावालाही ढाल घालायला लावा. पुष्कळ मुले ती सामन्यासाठी जपून ठेवतात, नव्या कपड्यासारखी. पण सराव सामन्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालतो, आणि चेंडूला सामना कोणता अन् सराव कोणता हे कळत नाही. पहिले आठ दिवस मुले कुरकुर करतील, लाळ सुटते म्हणतील, बोबडे बोलतो म्हणून एकमेकांना हसतील. हसू द्या. आठ दिवसांनी तोंडात ढाल आहे हे ती विसरून जातील. नव्या चपलाही आधी चावतातच की!

थोडक्यात सांगायचे तर सर्वांत महागडी ढाल म्हणजे सर्वांत चांगली असे नाही, आणि सर्वांत स्वस्त तर नाहीच नाही. जी दातांवर नीट बसते, जी पुरेशी जाड आहे, जी घालून मूल धावू शकते आणि बोलू शकते, आणि जी सरावाच्या वेळी खरोखरच त्याच्या तोंडात असते, ती चांगली ढाल. पुढच्या खेपेला तुमच्या शाळेचा संघ जिंकून येईल तेव्हा त्याचे छायाचित्र काढा. सगळी मुले तोंड भरून हसू द्या, आणि सगळ्यांचे सगळे दात त्या छायाचित्रात दिसू द्या.